तीन शर्यती जिंकणारा पाचवा, दोन जिंकणारा विजेता: 2020 च्या फॉर्म्युला 3 मोसमाचा हिशेब कसा लावायचा?

नाशिकरोडचा मास्तर:

नमस्कार. मी नाशिकरोडला माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. मोटार शर्यतींशी माझा संबंध एवढाच की, पूर्वी रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिकला होत असे तेव्हा मित्रांबरोबर माळरानावर धूळ खात उभा राहिलो आहे. दहावीत गेलेला माझा मुलगा मात्र या खेळाने पुरता झपाटलेला आहे. या सुटीत त्याच्या आग्रहाखातर आम्ही दोघांनी 2020 सालचा फॉर्म्युला 3 चा (फॉर्म्युला 1 च्या दोन पायऱ्या खालची, तरुण चालकांची शर्यतमालिका) संपूर्ण मोसम रेकॉर्डिंगवर ओळीने पाहिला आणि तेव्हापासून घरात जो वाद पेटला आहे तो दर रविवारी मिसळीच्या ताटावर पुन्हा सुरू होतो.

मोसमात नऊ टप्पे आणि अठरा शर्यती होत्या. ऑस्कर पियास्ट्री 164 गुणांसह विजेता ठरला, थेओ पुर्शेर 161 गुणांवर दुसरा आणि लोगन सार्जंट 160 गुणांवर तिसरा आला. मुलाचा लाडका लियाम लॉसन 143 गुणांसह पाचवा. आता गंमत अशी की, लॉसनने तीन शर्यती जिंकल्या, चौथ्या आलेल्या फ्रेडरिक वेस्टीनेही तीन जिंकल्या आणि विजेत्या पियास्ट्रीने मात्र दोनच. मुलाचे म्हणणे असे की, ज्या खेळात जास्त जिंकणारा मागे पडतो त्या खेळाची गुणपद्धतच सदोष आहे. माझे मन त्याला होकार देत नाही, पण मला त्याचे उत्तरही नीट देता येत नाही. शिवाय दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत पहिल्या दिवशीच्या विजेत्याला दहाव्या जागेवरून सोडतात, हा प्रकार मला अजून पचलेला नाही. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला दुसऱ्या पेपराला उशिरा बसवावे, तसे ते वाटते. जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

अंबडकर:

मास्तर, मी अंबडला गाड्यांच्या सस्पेन्शनचे काम करतो आणि तरुणपणी रॅलीच्या गाड्यांवर मेकॅनिक म्हणून पुष्कळ रात्री जागवल्या आहेत, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. त्या मोसमातल्या सगळ्या विजयांचे वजन सारखे नव्हते. शनिवारच्या पहिल्या शर्यतीत विजेत्याला 25 गुण, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 15 आणि असे करत दहाव्याला 1 गुण मिळे. रविवारच्या शर्यतीत मात्र विजेत्याला 15, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 10, पुढे 8, 6, 5, 4, 3, 2, 1. याशिवाय पात्रता सत्रात पोल, म्हणजे सर्वांत वेगवान वेळ, मिळवणाऱ्याला 4 गुण आणि सर्वांत वेगवान फेरीसाठी 2 गुण. आता लॉसनचे तीन विजय पाहा. श्पीलबर्गच्या पहिल्या टप्प्यात रविवारी, सिल्व्हरस्टोनला शनिवारी आणि शेवटी मुजेलोला पुन्हा रविवारी. म्हणजे 15, 25 आणि 15 मिळून 55. पियास्ट्रीचे दोन विजय म्हणजे श्पीलबर्गला हंगामाची अगदी पहिली शर्यत आणि बार्सिलोनाला रविवारची, म्हणजे 25 आणि 15 मिळून 40. तीन विरुद्ध दोन हा फरक कानाला मोठा वाटतो, पण हिशेबात तो फक्त 15 गुणांचा आहे.

खरी कथा उरलेल्या शर्यतींत आहे आणि तुम्ही गणिताचे असल्यामुळे तुम्हाला ती लगेच दिसेल. लॉसनच्या 143 मधून 55 वजा केले तर उरलेल्या पंधरा शर्यतींतून त्याने 88 गुण कमावले, म्हणजे शर्यतीमागे सहाच्याही आत. पियास्ट्रीच्या 164 मधून 40 गेले तर उरलेल्या सोळा शर्यतींतून 124, म्हणजे शर्यतीमागे बरोबर पावणेआठ. पोलचे आणि वेगवान फेरीचे गुण असले तर तेही यातच आले. न जिंकलेल्या दिवशी कोण किती घेऊन घरी येतो, तिथे हा मोसम ठरला.

लॉसनचे गुण कुठे सांडले याचे एकच उदाहरण देतो. श्पीलबर्गच्या दुसऱ्या टप्प्यात, रविवारच्या शर्यतीत तो आणि जेक ह्यूज आघाडीसाठी झुंजत होते. दोघांनाही पहिलेच यायचे होते. दोघे एकमेकांवर आदळले आणि मागून शांतपणे येणारा पुर्शेर ती शर्यत घेऊन गेला. पुर्शेरचे वय तेव्हा सतराही पूर्ण नव्हते. लॉसन तेव्हा दुसऱ्या स्थानावर समाधान मानता तर 12 गुण पदरात पडत होते. आमच्या रॅलीत गाड्या एकेक करून सोडतात, भांडण घड्याळाशी असते, त्यामुळे चुकलात तर स्वतःच्या चुकीने चुकता. इथे तीस गाड्या एकदम सुटतात आणि समोरच्याच्या चुकीची किंमतही तुम्हाला मोजावी लागते.

दुसरी गोष्ट गाड्यांची. सगळ्यांकडे दल्लाराची एकच सांगाडारचना, मेकाक्रोमचे एकच 3.4 लिटरचे व्ही6 इंजिन, साधारण 380 अश्वशक्ती, आणि पिरेलीचे टायर. संघांना इंजिनाला हात लावता येत नाही. फरक पडतो तो गाडीची उंची, स्प्रिंग, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), पंखांचा कोन आणि टायरमधली हवा यांत. माझ्या धंद्याचे असल्यामुळे सांगतो, कॅम्बर थोडा जरी जास्त गेला तर दोन फेऱ्या गाडी उडते आणि दहाव्या फेरीला टायरचा आतला काठ संपलेला असतो. एकसारख्या गाड्या असल्या की मोसमात विजेते वाटले जातात. त्या अठरा शर्यतींत नऊ वेगवेगळे चालक जिंकले. जिथे जिंकणेच इतके वाटले गेले, तिथे तिघांनाच तीन तीन विजय मिळाले आणि त्यांत विजेता नाही, म्हणून त्याला कमी लेखण्यात अर्थ नाही.

गोदाकाठ:

अंबडकर काका, आपला हिशेब बरोबर आहे, पण त्यात आपण त्या मोसमाच्या रचनेला जरा स्वस्तात सोडले आहे, असे मला वाटते. (आणि शेवटच्या वाक्यात एक चूक आहे: तीन विजय दोघांचेच होते, लॉसन आणि वेस्टी.)

मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. रविवारी शनिवारच्या पहिल्या दहा चालकांचा क्रम उलटा लावायचा, ही कल्पना मुळात वाईट नाही. हे चालक बहुतेक सोळा ते वीस वर्षांचे असतात आणि त्यांना पुढे निघून जाणे शिकायचे असते. जो दर वेळी पहिल्या जागेवरून सुटतो तो ओलांडायला कधी शिकणार? त्यामुळे आपल्या पेपराच्या उपमेत बदल सुचवते. हुशार मुलाला उशिरा बसवत नाहीत, त्याला अवघड प्रश्नपत्रिका देतात, आणि म्हणूनच त्या पेपराचे गुणही कमी ठेवले आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. उलटा क्रम शनिवारच्या निकालावरून ठरत होता. म्हणजे शनिवारी कोणी तुम्हाला धडक दिली आणि तुम्ही बाहेर पडलात, तर शनिवारचे गुण तर गेलेच, पण रविवारी तुम्ही पहिल्या दहात नसल्यामुळे पंचविसाव्या जागेवरून सुटणार, आणि एवढ्या छोट्या शर्यतीत, जिथे टायर बदलायला थांबणेही नाही, तिथून वर येणे जवळपास अशक्य. एका अपघाताची शिक्षा दोनदा. उलट शनिवारी दहावा आलेला, ज्याने कदाचित काहीच विशेष केलेले नाही, तो रविवारी पहिल्या जागेवर उभा. यामुळे सावधपणाला वाजवीपेक्षा जास्त किंमत आली आणि मास्तरांच्या मुलाचा राग मला अगदीच अनाठायी वाटत नाही.

आयोजकांनाही हे पटले असावे. 2021 साली त्यांनी एका टप्प्यात तीन शर्यतींचा प्रयोग केला. 2022 पासून पुन्हा दोन शर्यती आल्या, पण आता दोन्हींचा क्रम पात्रता सत्रावरूनच ठरतो: शनिवारच्या छोट्या शर्यतीसाठी पहिले बारा उलटे, रविवारच्या मुख्य शर्यतीसाठी सरळ. शनिवारी गाडी मोडली तरी रविवारची आपली जागा शाबूत राहते. लॉसनला हा नियम मिळाला असता तर, एवढेच म्हणते.

अंबडकर:

ताई, चूक कबूल. जेवणानंतर लिहीत होतो.

रचनेबद्दल तुमचे बरेचसे पटते. पण मुजेलोचा शेवटचा टप्पा याच रचनेत पाहा, कारण ती नसती तर इतका विलक्षण शेवट झालाच नसता. मास्तर, मुलाला हे कागदावर मांडून दाखवा.

मोंझाहून निघताना पियास्ट्री सार्जंटच्या आठ गुणांनी पुढे होता. दोघेही प्रेमा संघाचे, एकाच तंबूत बसणारे. मुजेलोला शनिवारी पियास्ट्री अकरावा आला, म्हणजे गुण शून्य. सार्जंट सहावा आला, म्हणजे 8 गुण. दोघेही 160 वर. पुर्शेर 151 वर. रविवार, 13 सप्टेंबर 2020. अकरावा आल्यामुळे पियास्ट्री उलट्या क्रमात बसलाच नाही, अकराव्याच जागेवरून सुटला, आणि सार्जंट पहिले दहा उलटवल्यावर पाचव्या जागेवर. कागदावर सार्जंटचे पारडे जड होते. पण पहिल्याच फेरीत त्याची आणि लिरिम झेंडेलीची धडक झाली आणि सार्जंटचा मोसम रेतीत संपला.

मग शर्यत राहिली पुर्शेर आणि पियास्ट्री यांच्यात. पुर्शेर तिसरा आला, 10 गुण, एकूण 161. पियास्ट्री सातवा आला, 4 गुण, एकूण 164. पुर्शेर दुसरा आला असता तरी 163 वरच थांबला असता. पियास्ट्री दहावा आला असता तर दोघे 161 वर बरोबरीत आले असते. अकराव्यावरून सातव्यावर येताना पियास्ट्रीने ज्या चार जागा मिळवल्या, त्यांवर कोणी टाळ्या वाजवल्या नसतील, कारण कॅमेरा पुढे होता. आणि ती शर्यत कोणी जिंकली? लॉसनने. मुलाच्या नायकाच्या तिसऱ्या विजयाच्या सावलीत दुसराच मोसम जिंकून गेला.

स्लिकटायर:

थोडी भर घालतो. मराठी वाचकांना जवळचे उदाहरण त्याच्या आदल्या वर्षीचे आहे. 2019 च्या फॉर्म्युला 3 मोसमात मुंबईचा जेहान दारूवाला दोन शर्यती जिंकून तिसरा आला. त्याचे गुण 157, दुसऱ्या आलेल्या मार्कस आर्मस्ट्राँगचे 158. एका गुणाने. कुठल्या तरी शर्यतीत एखादी जागा वर येऊन दोन गुण जास्त मिळाले असते, तर क्रम बदलला असता. त्यामुळे हे सातव्या, आठव्या जागांचे हिशेब आम्ही इथे बसून घालतो तेवढे निरर्थक नाहीत.

2020 च्या यादीकडे पुढच्या वर्षांतून मागे वळून पाहिले तर आणखी मजा येते. पियास्ट्रीने लगेच 2021 मध्ये फॉर्म्युला 2 जिंकली आणि 2023 मध्ये तो मॅकलारेनकडून फॉर्म्युला 1 मध्ये आला. रेतीत अडकलेला सार्जंटही त्याच वर्षी विल्यम्सकडून आला. पाचवा आलेला लॉसनसुद्धा 2023 मध्येच फॉर्म्युला 1 मध्ये उतरला. आणि तीन गुणांनी हुकलेला पुर्शेर? त्याने 2023 ची फॉर्म्युला 2 जिंकली, दुसरा आला तो आपला चौथा वेस्टीच, आणि तरीही पुढच्या मोसमासाठी पुर्शेरला फॉर्म्युला 1 ची जागा मिळाली नाही. म्हणजे गुणांचा तक्ता न्याय्य आहे की नाही हा वाद घालताना, त्या तक्त्याबाहेर जागांचा, पैशांचा आणि संघांच्या कराराचा एक दुसराच तक्ता चालू असतो, हे मुलाला आताच सांगून ठेवलेले बरे.

नाशिकरोडचा मास्तर:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री स्वयंपाकघरातल्या फळ्यावर अंबडकरांचा पूर्ण हिशेब मांडला. पावणेआठचा आकडा पाहून चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी स्वतःच एक नवा स्तंभ आखला: प्रत्येक विजयाला, शनिवार असो वा रविवार, 25 गुण दिले तर काय होईल. मी सांगितले, लॉसनला 20 जास्त मिळतील, पियास्ट्रीला 10; तरी 163 विरुद्ध 174. त्यावर त्यांनी फडके उचलून सगळा फळा पुसला.

गोदाकाठ ताईंचा दुहेरी शिक्षेचा मुद्दा मात्र त्यांनी वहीत लिहून घेतला आहे आणि त्याच आधारावर आता ते लॉसनने अपघातांत नेमके किती गुण गमावले, याची शर्यतनिहाय यादी तयार करत आहेत. बीजगणिताच्या स्वाध्यायाला इतका उत्साह मी कधी पाहिला नाही. यादी झाली की इथेच टाकतो. अंबडकर काका, चुका तुम्हीच काढायच्या आहेत, आणि या वेळी जेवणाआधी.