बारकोड हँडहेल्डला नव्या कॉम्प्युटरचा शेअर्ड ड्राइव्ह दिसत नाही

देवगड_पॅकहाऊस:
आमच्याकडे पेटी बंद झाली की तिचं लेबल विंडोज सीईच्या (मायक्रोसॉफ्टची छोट्या मशीनसाठीची जुनी विंडोज) हँडहेल्डने, म्हणजे हातातल्या बारकोड मशीनने, स्कॅन करतो. कुणाच्या बागेतला आंबा, किती डझनी पेटी, वाशीच्या कुठल्या गाडीत चढली, सगळं त्यात. जुन्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर केलेला होता, मशीन वायफायवरून थेट तिथे फाइल लिहायचं. आता विंडोज 10 चा कॉम्प्युटर आलाय. पिंग होतं, म्हणजे नेटवर्कवर कॉम्प्युटर सापडतो, पण शेअर उघडत नाही. फायरवॉल बंद करूनही तेच. आंबा काही आपल्यासाठी झाडावर थांबत नाही आणि बागायतदाराला हिशोब चोख द्यायचाय. काय करू?

कणकवलीकर:
विंडोज फीचर्समध्ये एसएमबी 1.0 (नेटवर्कवर फाइल शेअर करायची जुनी पद्धत) सर्व्हरला टिक करा आणि रीस्टार्ट करा. चालेल.

मिरकरवाडा_कोल्डस्टोरेज:
ताई, चालेल, पण कृपा करून ते करू नका. अशा जुन्या सीई मशीनला सहसा एसएमबी 1च कळतं आणि 2017 च्या 1709 आवृत्तीपासून विंडोज 10 नव्याने टाकलं की त्याचा सर्व्हर येतच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरला तो एसएमबी 1 मधल्याच भोकातून. ज्या कॉम्प्युटरवर बागायतदारांचे पैसे मांडलेत, तिथे हे दार उघडायचं नाही. फायरवॉलही आधी चालू करा.

त्यापेक्षा क्रेडल (हँडहेल्ड ठेवायचा स्टँड) यूएसबीने जोडा आणि विंडोज मोबाइल डिव्हाइस सेंटर हा हँडहेल्ड कॉम्प्युटरला जोडणारा मायक्रोसॉफ्टचा जुना प्रोग्राम वापरा. कनेक्ट झालं नाही तर सर्व्हिसेस उघडा. नावात 'विंडोज मोबाइल' आणि 'डिव्हाइस कनेक्टिव्हिटी' असलेल्या दोन सर्व्हिस दिसतील. दोन्हींच्या लॉग ऑनमध्ये लोकल सिस्टिम अकाउंट निवडून रीस्टार्ट करा. मग हँडहेल्डचे फोल्डर कॉम्प्युटरवरच दिसतात.

आणि माझं कळकळीचं सांगणं, स्कॅनची फाइल नेटवर्कवर थेट लिहूच नका. मशीनमधल्या एसडी कार्डावर लिहा, गाडी भरली की क्रेडलवर ठेवून कॉपी करा. आपल्याकडे वारा सुटला की लाइट जाते, राउटर बंद पडतो आणि फाइल अर्धी राहते. मशीनच्या साध्या मेमरीतही ठेवू नका, बॅटरी पूर्ण उतरली तर ती पुसली जाऊ शकते. कार्डावरचं राहतं.

क्रेडलच्या पिना बघितल्यात का? खाऱ्या हवेने हिरव्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा, पाणी नको.

देवगड_पॅकहाऊस:
दादा, सर्व्हिसचं केलं आणि लगेच कनेक्ट झालं! पिनाही हिरव्याच होत्या. फाइल आता कार्डावर. पण दोन हँडहेल्ड असतील तर?

मिरकरवाडा_कोल्डस्टोरेज:
फाइलच्या नावात मशीनचा नंबर आणि तारीख घाला, म्हणजे एकीवर दुसरी चढणार नाही. क्रेडलवर एका वेळी एकच ठेवा.