घड्याळातले हार्ट रेट झोन ठरतात कशावरून?

संभाजीनगरचा रनर:
वय ४२. रोज सकाळी गोगाबाबा टेकडीकडं पळतो, बोलत बोलत, धाप बी लागत नाही, तरी घड्याळ झोन ४ (जोराच्या मेहनतीचा टप्पा) दाखवतं. सोबतचा माझ्याच वयाचा अन् त्याच्या घड्याळात तोच वेग झोन २ (हलका टप्पा). इतका फरक कामून?

परभणीकर:
बरीच घड्याळं २२० वजा वय करून कमाल ठोके धरतात, म्हणजे तुमचे १७८, अन् त्याचे टक्के पाडतात. झोन २ म्हणजे ६० ते ७० टक्के धरले तर १०७ ते १२५. पण हा सरासरीचा हिशोब हाय, एकाच वयाच्या दोघांची खरी कमाल १०-१५ नं सहज मागंपुढं असते. सेटिंगमधी हार्ट रेट रिझर्व्ह असंल तर ते लावा, त्यात कमालमधून रेस्टिंग (आरामात असतानाचे ठोके) वजा करतात, उरलेल्याचे टक्के काढून रेस्टिंग परत मिळवतात. रेस्टिंग ६० असंल तर तोच झोन २ थेट १३१ ते १४३ वर जातो. बघा आता!

लातूरवाली:
आधी पट्टा बघा दादा. मागचा हिरवा लाइट कातडीखालचं रक्त कमीजास्त होताना मोजतो, पट्टा सैल असला की ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर घट्ट बांधा. अन् आपल्याकडच्या मे महिन्यात त्याच वेगाला ठोके जास्तच पडतात, तवा आकड्यापेक्षा बोलता येतंय का ते बघा.

परभणीकर:
बरोबर. अन् बीपीची बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारी) गोळी चालू असंल तर हे सूत्र लागूच पडत नाही, डॉक्टरला विचारा.