मदत हवी आहे: एकाच पिठाचे अफ्लाटॉक्सिनचे दोन आकडे

फोंड्याला गुरांच्या खाद्याच्या मक्यात अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) किती, ते स्ट्रिपवर (झटपट चाचणीची पट्टी) तपासतोय. बऱ्याच पोत्यांतून मिळून 5 किलो नमुना, सगळा दळून 20 मेशच्या (इंचाला 20 छिद्रं) चाळणीतून, मग 25 ग्रॅम पिठाला 70 टक्के मिथेनॉल 125 मिली, 3 मिनिटं हलवून गाळणं. (मूठभर दाणे दळून भागत नाही, विष थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं.) तरी त्याच पिठाचे दोन अर्क 12 आणि 27 पीपीबी (अब्जात इतके भाग) दाखवतात. मर्यादा 20. ट्रक उतरवायचा की परत धाडायचा? फरकाचं कारण काय: जाडसर राहिलेलं पीठ, की सैल झाकणातून उडालेलं मिथेनॉल? शिवाय पावसात पाकीट फोडल्यावर स्ट्रिप दमट होऊन कंट्रोल रेघ (स्ट्रिप नीट चालली हे दाखवणारी) फिकी पडते. इथल्या हवेत स्ट्रिप किती मिनिटांत वापरता? ज्ञात पीपीबीचं पीठ रोज सोबत चालवता का?