शाळेच्या भिंतीवरची नावं: हायस्कूलच्या हॉल ऑफ फेमचे तुमचे अनुभव

धागाकर्ती

मुलीच्या हायस्कूलच्या हॉल ऑफ फेम समितीत पालक म्हणून माझं हे चौथं वर्ष. अमेरिकेत राहणाऱ्यांना हा प्रकार माहीत असेलच. जिमबाहेरच्या लांब भिंतीवर माजी विद्यार्थ्यांचे फलक असतात आणि दरवर्षी त्यांत तीन-चार नव्या नावांची भर पडते. आमच्याकडे होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या, शुक्रवारी फुटबॉलच्या सामन्यात हाफटाइमला त्यांना मैदानाच्या मधोमध उभं करून नावं पुकारतात. शाळा सोडून किमान १० वर्षं झालेली असावीत एवढीच अट आहे. नॉमिनेशन कुणीही पाठवू शकतं.

धागा काढायचं कारण सांगते. भिंतीवर लिहिलेलं आहे ‘खेळाडू आणि विद्यार्थी नेते’, पण फलक पाहत चालत गेलं तर जवळजवळ सगळे खेळाडूच दिसतात. खेळाडूच्या अर्जात आकडे असतात: इतके गुण, इतके टचडाउन, अमुक सेकंद. स्टुडंट कौन्सिलच्या माजी अध्यक्षाच्या अर्जात ‘सगळ्यांना तिचा आधार वाटायचा’ अशी वाक्यं असतात. ती खरीच असतात, पण मत द्यायची वेळ आली की आकडा जिंकतो. गेल्या वर्षी एक फार चांगलं नाव असंच मागे पडलं. मीही त्याला मत दिलं नव्हतं आणि ते मला अजून टोचतंय.

राष्ट्रीय पातळीवर हायस्कूल संघटनांच्या महासंघाने १९८२ मध्ये जो हॉल ऑफ फेम सुरू केला, त्यात खेळाडूंबरोबर कोच, पंच, प्रशासक आणि वादविवाद-संगीत-नाटक अशा उपक्रमांतली माणसंही घेतात. मग शाळेच्या भिंतीवरच एवढी चणचण का?

तुम्ही समितीत असाल, तुमचा स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा सन्मान झाला असेल, किंवा राहून गेला असेल, तर सविस्तर लिहा. शाळेचं नाव नको.

आयोवाकर

बरं झालं धागा काढलात, मला मदत हवी आहे.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून दिला, तेव्हा त्यांनी मला आत बोलावून एक यीअरबुक दाखवलं. १९६० च्या आसपास त्या आयोवातल्या एका छोट्या गावात सहा-सहाचं बास्केटबॉल खेळायच्या.

हा खेळ मला माहीतच नव्हता, म्हणून इथे सांगतो. मैदानाचे दोन भाग. प्रत्येक संघाच्या तीन फॉरवर्ड एका भागात, तीन गार्ड दुसऱ्या भागात. मधली रेघ ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच टप्पा मारून पुढे न्यायचा. बास्केट करायचा तो फक्त फॉरवर्डनी. इतर बऱ्याच राज्यांत मुलींच्या हायस्कूल संघांचं नाव नव्हतं, तेव्हा आयोवात १९२० पासून मुलींची राज्य स्पर्धा होत होती आणि डे मॉइनच्या सभागृहात हजारो लोक ती बघायला यायचे. १९६८ मध्ये डेनीस लाँग या मुलीने एका सामन्यात १११ गुण केले, ते इथे अजून सगळ्यांना पाठ आहे. आयोवात हा प्रकार १९९३ मध्ये बंद झाला.

आमच्या आजी गार्ड होत्या. म्हणजे चार वर्षांत एकूण गुण शून्य. कमी नव्हे, शून्यच, कारण गार्डला बास्केट करायची मुभाच नव्हती. त्यांच्या संघातल्या दोन फॉरवर्डची नावं शाळेच्या भिंतीवर आहेत. आजींचं नाही. त्या स्वतः काही म्हणाल्या नाहीत, फक्त संघाच्या फोटोत त्या दोघींवर बोट ठेवून म्हणाल्या, “या दोघी भिंतीवर आहेत.” मला नॉमिनेशन पाठवायचं आहे. फॉर्ममध्ये गुणांचा रकाना आहे. काय लिहू?

ट्रॅकवाले बाबा

आयोवाकर, आकड्यांवर विसंबणाऱ्या समितीला आकडे कसे वाचायचे तेच माहीत नसतं, हा माझा सहा वर्षांचा अनुभव. मी समितीत ट्रॅकचे अर्ज तपासतो.

१९८० च्या सुमारापर्यंत हायस्कूलच्या शर्यती यार्डांत होत्या. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ४४० यार्ड म्हणजे ४०२ मीटरहून थोडं जास्त. आमच्या समितीतल्या एकाने १९६० च्या दशकातल्या मुलाची ४४० यार्डांची वेळ आजच्या ४०० मीटरच्या वेळेशेजारी ठेवून ‘साधारण’ असा शेरा मारला होता. वर त्या काळी वेळ हाताच्या स्टॉपवॉचने घ्यायचे. विजेवरच्या घड्याळाशी तुलना करताना त्यात ०.२४ सेकंद मिळवतात, म्हणजे इथे फरक उलट दिशेला जातो. हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ट्रॅक बहुतेक ठिकाणी कोळशाच्या राखेचे. कॅन्ससच्या जिम रायनने १९६४ मध्ये हायस्कूलमध्ये असताना एक मैल ३ मिनिटं ५९ सेकंदांत पार केला. चार मिनिटांच्या आत येणारा तो पहिला हायस्कूल विद्यार्थी. त्याची वेळ आजच्या पायाखालच्या पृष्ठभागाशी तोलून बघा.

बास्केटबॉलचंही तेच. हायस्कूलमध्ये तीन गुणांची रेषा देशभर आली ती १९८७-८८ च्या हंगामात. त्याआधी लांबून टाकणाऱ्या मुलाला दोनच गुण मिळायचे.

आजींसाठी एक सुचवतो. त्यांचे गुण शोधू नका, त्यांनी ज्या मुलीला अडवलं तिचे शोधा. गावातल्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म नक्की असेल.

अध्यक्षाची आई

धागाकर्ती ताई, तुम्ही ज्या चणचणीबद्दल लिहिलंत, तिच्यातून माझी मुलगी वाट काढून गेली. म्हणून मोकळेपणाने लिहिते.

नव्वदीच्या दशकात ती स्टुडंट कौन्सिलची अध्यक्ष होती. आम्हाला तेव्हा वाटायचं, नाचाचे कार्यक्रम ठरवायचे, पोस्टर रंगवायची, एवढंच ते काम. ती घरी फार बोलायची नाही. एक दिवस तिच्या दप्तरात वहीभर आडव्या-उभ्या रेघा सापडल्या. विचारलं तेव्हा कळलं की शेवटची बस तीनला सुटते, म्हणून ज्यांच्या घरी गाडी नाही अशी मुलं खेळाच्या सरावाला थांबू शकत नाहीत. ना खेळ, ना बँड, ना वादविवाद. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी रोज दुपारी बसच्या दाराशी उभ्या राहून विचारत होत्या, “तुला थांबायचं होतं का?” रेघा त्या उत्तरांच्या होत्या.

ती वही घेऊन ती शिक्षण मंडळाच्या सभेत तीनदा बोलली. पहिल्या दोन वेळा पैसे नाहीत म्हणून नकार. तिसऱ्या वेळी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची बस मंजूर झाली. ती शाळा सोडून गेल्यावर चार दिवसांची झाली. नंतर कुणाला आठवतही नव्हतं ती कुणामुळे आली.

तिचं नाव पाठवलं ते तिच्या मागच्या वर्गातल्या एका मुलाने, जो आधीच क्रॉस कंट्रीसाठी भिंतीवर होता. समितीने पुरावा मागितला. त्याने मंडळाच्या सभांची जुनी इतिवृत्तं काढली. ती सार्वजनिक असतात, जिल्ह्याच्या कार्यालयात मागितली की मिळतात. त्यात तिचं नाव, तारीख आणि ठराव, सगळं होतं. त्याने पत्रात लिहिलं होतं की मी त्याच बसने घरी जायचो. आणि भिंतीवरच्या आणखी दोघांची नावं दिली होती, तेही त्याच बसचे.

समारंभाला मी गेले होते. मैदानावर तिचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या बेताच्याच होत्या, कारण विद्यार्थ्यांना ती कोण हे ठाऊक नव्हतं. मग निवेदकाने बसचं वाचलं. स्टँडमधली मुलं उठून उभी राहिली. बस अजून चालू आहे. मी इतकी रडले की शेजारच्या अनोळखी बाईने मला धरून ठेवलं.

फलकावर तिच्या नावाखाली एकच ओळ आहे. मी ती इथे लिहीत नाही, शाळा ओळखू येईल.

धागाकर्ती

ताई, इतिवृत्तांचं मला सुचलंच नव्हतं. उद्याच जिल्ह्याच्या कार्यालयात फोन करते. गेल्या वर्षी मागे पडलेल्या त्या मुलानेही मंडळापुढे काहीतरी मांडलं होतं, असं अर्जात ओझरतं आलं होतं. आम्ही ते वाचून पुढे गेलो.

एक माहितीची गोष्ट. आमच्या समितीत कुणीतरी दरवर्षी माजी विद्यार्थ्याचे मार्क बघायला मागतं. विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवण्याच्या १९७४ च्या कायद्याने शाळा ते संमतीशिवाय देऊ शकत नाही. पण खेळातला सहभाग, मिळालेले पुरस्कार, पदं ही माहिती शाळा सहसा देऊ शकते. तेव्हा ‘कायद्यामुळे काहीच सांगता येत नाही’ असं कुणी म्हटलं तर पुन्हा विचारा.

टेनिसवाला

मी थोडं वेगळं लिहितो. माझं नाव मित्राने दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा पुढे काहीच कळलं नाही. न निवडण्याचा मला राग नाही, माझ्यापेक्षा चांगली मुलं होती. पण मित्राने जुने निकाल गोळा केले, माझ्या वयोवृद्ध कोचकडून पत्र लिहून घेतलं, आणि शाळेकडून पोच म्हणून दोन ओळीही आल्या नाहीत. कोच आता नाहीत. ‘यंदा नाही’ एवढं कळवलं असतं तर मी त्यांना भेटायला गेलो असतो, निदान पत्राबद्दल आभार मानले असते. समितीतल्या लोकांना एवढंच सांगायचं आहे.

टेक्सासची मावशी

आमच्या गावात १९६८ पर्यंत दोन हायस्कुलं होती, एक गोऱ्या मुलांचं आणि एक काळ्या मुलांचं. विलीनीकरण म्हणजे दुसरं बंद केलं. मी समितीत आले तेव्हा आमची भिंत गोऱ्यांच्या शाळेच्या १९३० च्या दशकातल्या खेळाडूंपासून सुरू होत होती आणि काळ्या मुलांचं पहिलं नाव विलीनीकरणानंतरचं होतं. जणू त्याआधी गावात काळी मुलं धावलीच नाहीत.

टेक्सासमध्ये काळ्या शाळांची वेगळी लीग होती, प्रेअरी व्ह्यू इंटरस्कॉलॅस्टिक लीग, १९२० ते १९७०. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेले जो ग्रीन आणि बबा स्मिथ या लीगमधूनच आले. आमच्या गावच्या शाळेचे चषक कुठे गेले विचारलं तर कुणाला माहीत नाही. इमारत रिकामी करताना कचऱ्यात गेले असावेत, असं जुनी माणसं सांगतात.

समितीत मी विषय काढला तेव्हा विरोध कुणी केला नाही. “नोंदी नाहीत ना,” एवढंच म्हणाले. मला ते विरोधापेक्षा जड गेलं. मग त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीला गेले. तिथल्या बायकांनी घरोघर जपलेले कागद आणले: सामन्यांचे छापील कार्यक्रम, पदवीदान समारंभाच्या पत्रिका, बँडचा एक फोटो ज्याच्या मागे सगळ्यांची नावं पेन्सिलीने लिहिलेली. एकीकडे तर लेटर जॅकेटवरचं, म्हणजे शाळेच्या खेळाडूंच्या जॅकेटवरचं, लोकरीचं अक्षर होतं, जॅकेट कधीच फाटून गेलेलं. नोंदी होत्या, फक्त शाळेकडे नव्हत्या.

त्या बैठकीत विल्मा रूडॉल्फची आठवण निघाली. तीही टेनेसीतल्या अशाच वेगळ्या ठेवलेल्या शाळेची, बर्ट हायस्कूलची. शाळेत असतानाच १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रिलेचं कांस्य, १९६० ला रोममध्ये तीन सुवर्ण. लहानपणी पोलिओने पाय अधू झालेली मुलगी. गावाने मिरवणूक काढायचं ठरवलं तेव्हा तिने सांगितलं, काळे-गोरे वेगळे बसणार असतील तर मी येणार नाही. क्लार्क्सव्हिलमधला, म्हणजे तिच्या गावातला, तसा तो पहिला एकत्र कार्यक्रम ठरला. एक आजोबा म्हणाले, “सन्मान कसा घ्यायचा ते तिने दाखवलं.”

आमच्या भिंतीवर आता दोन्ही शाळांची नावं वर्षांच्या क्रमाने एकत्र आहेत. यासाठी सगळे जुने फलक काढून पुन्हा लावावे लागले. वेगळा कोपरा करू, असाही प्रस्ताव होता. त्या बायकांनी तो नाकारला.

व्हॉलीबॉल कोच

मुलींबद्दल एक भर घालते. १९७१-७२ मध्ये देशभरातल्या हायस्कूल खेळांत ३६ लाखांहून जास्त मुलगे होते आणि मुली जेमतेम २ लाख ९४ हजार. शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा जून १९७२ चा, पण हायस्कुलांना खेळांची व्यवस्था बदलायला १९७८ पर्यंत मुदत होती. तेव्हा ‘१९७२ नंतर शिकलीस, मग तुझ्या नावावर एकही सामना कसा नाही’ असं एखाद्या बाईला विचारू नका. आमच्याकडे एकीचं नॉमिनेशन आलं, तिने खेळाडू म्हणून काहीच केलं नव्हतं कारण संघच नव्हता. तिने सह्या गोळा करून तो सुरू करायला लावला आणि पहिला सामना झाला तेव्हा ती शाळेतून बाहेर पडलेली होती. आम्ही तिला घेतलं. खेळाडू म्हणून की नेता म्हणून, यावर समितीत तासभर खल झाला आणि शेवटी दोन्ही लिहिलं.

आयोवाकर

ट्रॅकवाले बाबा, तुमचं ऐकलं. तीन शनिवार वाचनालयात मायक्रोफिल्मवर बसलो, दोनदा आजींना सोबत नेलं. १९५९ च्या हिवाळ्यातला एक सामना सापडला. समोरच्या संघाच्या फॉरवर्डने त्याआधीच्या सामन्यात ४१ गुण केले होते. आजींविरुद्ध १३. बातमीच्या खालच्या कोष्टकात फॉरवर्डच्या नावांपुढे गुण आहेत, आजींच्या नावापुढे फक्त फाउल: ४. पाचव्याला बाहेर जावं लागलं असतं. त्या पडद्याजवळ वाकून म्हणाल्या, “शेवटची आठ मिनिटं चार फाउलवर खेळले.” त्यांना ते अजून आठवत होतं.

त्यांच्या संघातल्या, भिंतीवर असलेल्या एका फॉरवर्डचा पत्ता लागला. पत्र लिहायला ती लगेच तयार झाली. कोच ताईंनी लिहिलं त्यावरून धीर आला आणि काल रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही फॉर्म भरला. ‘कारकिर्दीतले एकूण गुण’ या रकान्यात मी ० लिहिलं. आजींनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि त्या शून्याशेजारी, समासात, समोरच्या फॉरवर्डचं पूर्ण नाव लिहून पुढे १३ लिहिलं.