जीभ चावली, हात चोळले, खांदे उडवले : इंग्रजीतल्या देहबोलीचं मराठीत काय करायचं?

प्रश्न : कथा-कादंबऱ्यांचा अनुवाद करताना 'श्रग', 'फ्लिंच', 'विन्स', 'क्रिंज', 'रिकॉइल' हे शब्द पानोपानी भेटतात. कोश उघडावा तर दचकणे, कचरणे, अंग चोरणे हीच मंडळी आलटून पालटून हजर. यांत नेमका फरक कसा करायचा? आणि 'ही बिट हिज टंग'ला सरळ 'त्याने जीभ चावली' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : जीभ आधी घेऊ, कारण तिथे अर्थच उलटा होतो. मराठीत माणूस जीभ चावतो ते बोलून बसल्यावर. नको ते तोंडातून गेलं, मग जीभ दातांखाली. इंग्रजीत 'बाइट वन्स टंग' म्हणजे शब्द ओठांपर्यंत आला होता, तो आतच अडवला. 'जीभ चावली' असं लिहिलंत, तर जे वाक्य बोललंच गेलं नाही ते बोलून झालं असं वाचक धरतो आणि पुढचा संवाद कोसळतो. तिथे 'शब्द गिळला', 'तोंडाशी आलेलं परतवलं' असं काहीतरी हवं. हाच प्रयोग आज्ञार्थी आला, 'बाइट युअर टंग!', तर तो निराळा. कुणी अभद्र बोललं की आपण 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणतो, ते हे.

हातांचं तसंच. 'रब्ड हिज हँड्स' म्हणजे आता घबाड मिळणार म्हणून खूश झालेला माणूस. मराठीत हात चोळत बसतो तो घबाड हुकलेला. काळजीने, काही सुचेनासं होऊन हात एकमेकांत पिळणं याला इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे, 'रिंग' (wring). ते आणि हे 'रब' दोन्ही 'हात चोळले' करून टाकलेले अनुवाद सर्रास दिसतात. दातांचीही गल्लत होते. 'ग्रिट' म्हणजे सोसण्यासाठी, नेट लावण्यासाठी दात घट्ट आवळणं. आपलं दातओठ खाणं रागाचं, ते 'ग्नॅश'च्या जवळचं.

उत्तर : आता फ्लिंच-विन्सची टोळी. तीन गोष्टी विचाराव्यात : हालचाल केव्हा झाली, कुठे झाली, कोणत्या दिशेने.

फ्लिंच बहुधा आधी होतं. फटका बसणार असं वाटताच डोळे मिटतात, मान किंवा हात झटक्यात मागे जातो. फटका प्रत्यक्षात बसलाच पाहिजे असं नाही. विन्स बहुतेक वेळा लागल्यावर होतं आणि मुख्यतः चेहऱ्यावर : डोळे आकसतात, ओठ ताणले जातात. सुई टोचली, जखमेवर आयोडीन लागलं, कुणी जुनी चूक चारचौघांत काढली, या सगळ्याला विन्स. 'कळ आल्यासारखा त्याचा चेहरा आकसला' हे लांबलं तरी बरोबर. रिकॉइलमध्ये अख्खं शरीर मागे जातं, किळस किंवा धक्का बसून. क्रिंजमध्ये ते मागे न जाता आत जातं, अंग चोरून लहान होतं. शडर म्हणजे शहारा, आणि त्याला समोर काही असावं लागत नाही, नुसती आठवण पुरते.

म्हणजे 'शी फ्लिंच्ड व्हेन ही रेज्ड हिज हँड'चं 'त्याने हात उचलताच ती दचकली' हे अर्धंच झालं. दचकण्यात अनपेक्षितपणा आहे. इथे उलट, मार अपेक्षित आहे. 'त्याने हात उचलताच तिने अंग चोरलं' म्हटलं की त्या घरातला इतिहास कळतो.

पुरवणी : व्याकरणाकडेही बघा. इंग्रजीत खांदे उडवणारा आणि शहारणारा दोघेही सारखेच कर्ते. मराठीत मुद्दाम केलेली हालचाल 'त्याने खांदे उडवले' अशी येते. आपसूक झालेली 'तो दचकला' अशी, किंवा माणूस बाजूला ठेवून 'त्याच्या अंगावर काटा आला', 'त्याला कापरं भरलं' अशी. आपसूक हालचालीला 'त्याने' लावलं की पात्र नाटक करतंय असं वाटतं.

दुसरी खोड 'तिने तिचा ओठ चावला'. इंग्रजीला तिथे 'हर' लागतंच, मराठीला नाही. 'तिने ओठ चावला' पुरे. 'तिचा' लिहिलं की ही दुसरी कोण, असं वाचणारा विचारतो.

प्रश्न : 'स्टॉर्म्ड आउट', 'फ्लाउन्स्ड आउट' यांचं काय? दोन्हीकडे 'रागाने निघून गेली' येतंय.

उत्तर : इंग्रजी चालण्याची तऱ्हा क्रियापदात भरते आणि दिशा 'आउट', 'ऑफ'सारख्या छोट्या शब्दावर सोपवते. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने भाषांची अशी विभागणी मांडली आहे. मराठीत बहुतेकदा निघणं-येणं मुख्य क्रियापदात राहतं आणि तऱ्हा आधी सांगावी लागते. त्यासाठी शब्द भरपूर आहेत. स्टॉर्म : तणतणत, तरातरा. स्टॉम्प : पाय आपटत, आवाज हवाच. फ्लाउन्स : फणकाऱ्याने, यात मानेचा झटका आणि थोडा देखावा आहे. स्लिंक : नजर चुकवत, ओशाळून. 'रागाने' हा शब्द गाळून बघा, वाक्य सुधारतं.

उत्तर : 'शूक हिज हेड' राहिलं. 'त्याने मान हलवली' म्हणजे हो की नाही? मराठीत दोन्ही होऊ शकतं. 'नॉड' असेल तर मान डोलावली, 'शेक' असेल तर नकारार्थी हलवली. पण समोर प्रश्नच नसेल, तर हा नकार नसून हताशपणा किंवा अविश्वास असतो. तिथे 'नकारार्थी' लिहू नये.

'श्रग'वर चार्ल्स डार्विनचा पुरावा उपयोगी आहे. भावना चेहऱ्यावर आणि शरीरावर कशा दिसतात हे विचारायला 1867 साली त्याने ठिकठिकाणच्या लोकांना 16 प्रश्नांची यादी पाठवली होती. त्यांतल्या एका प्रश्नात ही मुद्रा पूर्ण दिली आहे : खांदे वर, कोपरं आत, हात बाहेर पसरलेले, तळवे उघडे, भुवया उंचावलेल्या. अर्थ काय, तर मला हे करता येत नाही किंवा थांबवता येत नाही. म्हणजे मूळ भाव असहायतेचा. मराठीत 'खांदे उडवले' वाचलं की बेफिकिरीच आधी डोक्यात येते. म्हणून संदर्भ असहायतेचा असेल तर पुढे 'काय करणार' एवढं जोडावं, नाहीतर कनवाळू पात्र उगीच उद्धट ठरतं.

प्रश्न : आणि 'रोल्ड हर आइज'? 'डोळे फिरवले' कसंतरीच वाटतं.

उत्तर : वाटणारच, डोळे फिरणं आपल्याकडे शुद्ध हरपण्याशी किंवा माज चढण्याशी जोडलेलं. 'कपाळाला आठी घातली', 'नाक मुरडलं' यांतलं प्रसंगाला बसेल ते घ्या, किंवा 'झालं सुरू यांचं, असा चेहरा केला' असं उलगडून लिहा. मात्र जुना मजकूर असेल तर जपून. शेक्सपिअरच्या 1594 सालच्या 'द रेप ऑफ ल्युक्रीस' या दीर्घकाव्यात ल्युक्रीसवर बलात्कार करणारा टार्क्विन डोळे फिरवतो ते वासनेने. तिथे कंटाळा किंवा तुच्छता घातली तर प्रसंग विनोदी होईल.