मीठ, वाळू आणि फुगीर जॅकेट
ड्राइव्हवेवर, म्हणजे घरासमोरच्या गाडीच्या वाटेवर, बर्फ वितळवायला मीठ टाकलं तरी तो तसाच राहतो, अशी कुणीतरी तक्रार केलीय. उणे ९-१० सेल्सियसच्या खाली साधं मीठ जवळजवळ निकामीच. आम्ही अमेरिकेत मिनेसोटात जानेवारीत कॅल्शियम क्लोराईडवालं मीठ (जास्त थंडीतही बर्फ वितळवणारं) वापरतो, नाहीतर सरळ वाळू पसरतो. निदान पोरांचे पाय तरी सरकत नाहीत.

गाडीने शाळेत सोडणाऱ्यांना मात्र एक सांगतेच. फुगीर जॅकेटवरून कार सीटचा पट्टा बांधू नका. वरून घट्ट वाटतो, पण धडक बसली की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा आवळा, मग जॅकेट उलटं धरून पुढून हातांत चढवा. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत! आणि बस स्टॉपवर कडेच्या बर्फाच्या ढिगावर खेळू देऊ नका, घसरलं की थेट रस्त्यातच.