मदत हवी आहे: जेंडर क्लिनिकच्या (लिंगओळखीशी निगडित उपचारांचं क्लिनिक) नर्सकडे पहिली भेट

टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) जेल सुरू होऊन तीन महिने झालेत, रोज 50 मिग्रॅ, खांद्यावर. पुढच्या आठवड्यात स्पेशालिस्ट नर्सची पहिली अपॉइंटमेंट आहे. बीपी, वजन, रक्ततपासणी होणार हे माहीत आहे. जेल लावलेल्या बाजूच्या हातातून रक्त काढलं की टेस्टोस्टेरॉनची पातळी उगाच जास्त दिसू शकते, म्हणून आदल्या दिवसापासून पोटावर लावणार आहे. मागचा हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) 51 टक्के, म्हणजे वाढलेला होता (त्या दिवशी पाणीही कमी प्यायलं गेलं होतं, त्यानेही तो वाढतो). धूम्रपानानेही तो वाढतो, पण मी करत नाही. घरात लहान मूल आहे, त्यामुळे जेल वाळून त्यावर कपडा घालेपर्यंत त्याला जवळ घेता येत नाही. इंजेक्शनवर जायचा विचार आहे.

जेल लावल्यावर किती तासांनी रक्त द्यायचं? आणि हिमॅटोक्रिट पुन्हा वाढलेला निघाला, तर नर्स स्वतःच डोस बदलते, की डॉक्टरांची वेगळी वेळ घ्यावी लागते?